पावसाळा आला की झिंक ऑक्साइड फिल्मचा बँडगॅप हलतोय? डोपिंग वाढवायच्या आधी हे बघा

मिरग लागला की हे सुरू होतंय बघा. बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी, जिथं कुठं पोरं स्प्रे पायरोलिसिसवर (तापलेल्या काचेवर द्रावण फवारून झिंक ऑक्साइडची पातळ फिल्म करायची पद्धत) प्रोजेक्ट करायलेत तिथून जून ते सप्टेंबर एकाच साच्यातला प्रश्न येतोय. "सर, एप्रिलात दोन टक्के ॲल्युमिनियम घातलेल्या फिल्मचा बँडगॅप ३.३८ इव्ही आलता, आता तीच रेसिपी, तोच हीटर, तीच काच, आणि ३.२४ यायलाय, वर फिल्म दुधाळ दिसायलीय, डोपिंग वाढवू काय?"

नको. बँडगॅप म्हणजे इलेक्ट्रॉनला भरलेल्या (व्हॅलन्स) बँडमधनं वरच्या रिकाम्या (कंडक्शन) बँडमध्ये न्यायला लागणारी कमीत कमी ऊर्जा, इव्हीत म्हणजे इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये; डोपिंग म्हणजे मुद्दाम घातलेला थोडा परका धातू, इथं ॲल्युमिनियम; आणि डिफेक्ट म्हणजे क्रिस्टलमधली खोट. डोपिंग वाढवणं हा शेवटचा उपाय, आणि पावसाळ्यात तर बहुतेक वेळा चुकीचाच. दुसरी सवय त्याहून वाईट, की जो काही आकडा आला त्याच्यापुढं "डोपिंग आणि डिफेक्ट्समुळे" असं लिहून मोकळं व्हायचं. बँडगॅप वर गेला तरी डोपिंग, खाली आला तरी डिफेक्ट, मग त्या वाक्याला अर्थ काय राहिला? नुसता बँडगॅप बघून यातलं काहीच ठरत नाही. बँडगॅप, अर्बाख टेल (शोषणाच्या कडेखाली उरणारं शेपूट) आणि रेझिस्टन्स हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवले तरच डोपिंगनं काय केलं आणि डिफेक्टनं काय केलं हे वेगळं काढता येतंय, आणि त्याच्याही आधी तो बँडगॅप खरंच फिल्मचा आहे की मशीनचा, काचेचा, नाहीतर दुधाळपणाचा हे बघायला लागतंय. म्हणून सुरुवात तिथनं.

आकडा खरा आहे का

सगळ्यात आधी फिल्म हातात धरून खिडकीकडं बघा. मशीन नंतर. चांगली फिल्म काचेसारखी स्वच्छ असती, तिरकी धरली की हिरवट-गुलाबी रंगाचे पट्टे फिरतात. पावसाळी फिल्म बऱ्याचदा धुकं बसल्यासारखी असती, आणि भिंगातनं बघितलं तर गोल गोल कडा असलेले डाग दिसतात, मधे पातळ आणि कडेला जाड. हे डाग म्हणजे नोझल थुंकलेल्या मोठ्या थेंबांचे, ते काचेवर पोचेपर्यंत वाळलेच नाहीत. अशा फिल्मवर पडलेला प्रकाश शोषला जात नाही, इकडंतिकडं उधळतो, पण यूव्ही-व्हिज मशीनला त्यातला फरक कळत नाही, डिटेक्टरपर्यंत जे पोचलं नाही ते सगळं त्याच्या लेखी शोषलेलंच. त्यात उधळणं कमी तरंगलांबीला जास्त, त्यामुळं ४५० पासून ३८० नॅनोमीटरपर्यंत एक खोटी चढण तयार होते आणि टॉक प्लॉटवर (आडवी फोटॉनची ऊर्जा, उभा अल्फा म्हणजे शोषण गुणांक गुणिले ऊर्जा याचा वर्ग, सरळ भागाची रेषा आडव्या अक्षाला कापते तो बँडगॅप) ती रेषा डावीकडं ओढते. बँडगॅप खाली आला असं वाटतंय, प्रत्यक्षात फिल्म फक्त दुधाळ आहे. इंटिग्रेटिंग स्फिअर (उधळलेला प्रकाशही गोळा करणारा पोकळ गोळा) असलेलं मशीन मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं तर दुधाळ फिल्मचा बँडगॅप काढूच नका, फिल्म परत करा.

स्वच्छ फिल्मलाही एक गोष्ट चिकटलेली असतेच, रिफ्लेक्शन. झिंक ऑक्साइडचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स दृश्य प्रकाशात १.९ ते २ च्या आसपास, त्यामुळं काहीही न शोषता सुद्धा ट्रान्समिटन्स (पार जाणारा प्रकाश) ८५ टक्क्यांच्या आसपास अडकते. मशीन त्याला ०.०७ ॲब्सॉर्बन्स म्हणणार. टॉकच्या वर्ग केलेल्या आलेखात हे ०.०७ फारसं दिसत नाही, पण अर्बाखसाठी लॉग घेतला की तेच सगळं बिघडवतंय, कारण टेलच्या खालच्या भागात खरं शोषण या ०.०७ पेक्षाही कमी असतंय. ज्या रिपोर्टात ४००-५०० मिलिइव्ही अर्बाख एनर्जी दिसते, तिथं बहुतेक हे रिफ्लेक्शन आणि उधळण वजाच केलेली नसते. रिफ्लेक्टन्स मोजता येत असेल तर एक वजा आर या सगळ्याचा वर्ग, भागिले टी (आर म्हणजे रिफ्लेक्टन्स, टी म्हणजे ट्रान्समिटन्स), त्याचा नॅचरल लॉग, भागिले जाडी, असा अल्फा काढा. नसेल मोजता येत तर निदान ६००-७०० नॅनोमीटरच्या सपाट भागातली सरासरी ॲब्सॉर्बन्स वजा करा. अगदी बरोबर नाही हे, पण काहीच न करण्यापेक्षा पुष्कळ बरं.

आता जाडी. "सर जाडी नीट माहीत नाही म्हणून बँडगॅप चुकला असेल" हे वाक्य मी फार ऐकतो. तसं होत नाही. जाडी चुकीची घातली तर अल्फा सगळीकडं एकाच पटीनं चुकतो, टॉक प्लॉटची रेषा जास्त उभी किंवा जास्त आडवी होते, पण ती एक्स अक्षाला कापते त्याच जागी. अर्बाखचंही तसंच, लॉगमध्ये ती पट नुसती बेरीज होऊन बसते, उतार तोच राहतो. भाग करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

जाडी त्रास देते ती वेगळ्या वाटेनं. बँडगॅपजवळ झिंक ऑक्साइडचा अल्फा सेंटीमीटरला एक लाखाच्या घरात असतो. म्हणजे ५०० नॅनोमीटर फिल्मची ॲब्सॉर्बन्स २.२ च्या आसपास, आणि फिल्म १ मायक्रॉनची झाली की ४.३. कॉलेजातलं साधं मशीन ३ च्या वर प्रामाणिक राहत नाही, आतला भटका प्रकाशच मोजत बसतंय, आणि मग वक्र वर जायच्या ऐवजी आडवा पडतो. त्या आडव्या पडलेल्या भागाच्या खालचा तुकडा पोरं सरळ रेषा म्हणून धरतात आणि बँडगॅप खाली येतो. पावसाळ्यात स्प्रे रेट हललेला असला, फिल्म नकळत जाड झालेली असली, तर "डोपिंगनं बँडगॅप कमी झाला" याचं खरं कारण इतकंच निघू शकतंय. बँडगॅपसाठी २०० ते ३०० नॅनोमीटरची फिल्म वेगळी करून ठेवा.

जाडी अंदाजे काढायला फ्रिंजेस (फिल्मच्या दोन पृष्ठभागांवरनं आलेल्या प्रकाशाच्या इंटरफिअरन्सनं स्पेक्ट्रममध्ये पडणाऱ्या लाटा) आहेतच, पण त्यासाठी जरा जाड नमुना लागतो. ४८० आणि ६०० ला शेजारशेजारचे दोन मॅक्सिमा दिसले, इंडेक्स १.९५ धरला, तर ४८० गुणिले ६०० भागिले दोनदा १.९५ गुणिले १२०, येतं ६१५ नॅनोमीटर. स्वानेपोलनं १९८३ मध्ये मांडलेली एन्व्हलप पद्धत याचीच नीट केलेली आवृत्ती. फ्रिंज अजिबात नाहीत आणि फिल्म जाड आहे, तर पृष्ठभाग खडबडीत आहे असं समजा.

काचेचंही बघायला पाहिजे. साधी मायक्रोस्कोप स्लाइड म्हणजे सोडा लाइम काच, ती ३५० नॅनोमीटरच्या खाली स्वतःच शोषायला लागते आणि ३०० च्या आसपास बंदच होते. शुद्ध झिंक ऑक्साइडची कड ३७५ च्या जवळ, तिथं काही त्रास नाही. पण डोपिंगनं बँडगॅप ३.६ झाला असं कुणी म्हणालं की ते ३४४ नॅनोमीटर झालं, आणि तिथं तुम्ही फिल्म मोजताय की काच हे आधी सिद्ध करा. त्यात पुष्कळ मशीनचा दिवा पण ३४०-३५० च्या आसपासच बदलतो, ड्युटेरियमवरनं टंगस्टनवर, आणि तिथं एक बारकी पायरी पडते. ती पायरी बँडगॅप म्हणून छापलेली मी बघितलीय. डोपिंग जास्त असलेला एखादा तरी नमुना क्वार्ट्झवर करा.

आणि एक, ३.२८७ इव्ही असं तीन दशांश लिहू नका हो. ३७० नॅनोमीटरजवळ १ नॅनोमीटर म्हणजे ९ मिलिइव्ही. स्कॅन ५ नॅनोमीटरच्या पायरीनं घेतला असेल तर ४५ मिलिइव्ही तर पायरीतच गेले, शिवाय रेषा कुठनं कुठपर्यंत धरायची हे प्रत्येकाच्या हातावर. टॉकनं हा प्लॉट १९६६ मध्ये सहकाऱ्यांबरोबर अमॉर्फस जर्मेनियमसाठी मांडला, झिंक ऑक्साइडमधला ६० मिलिइव्हीचा एक्सायटॉन (एकमेकांना बांधलेली इलेक्ट्रॉन-होलची जोडी) त्यात कुठंच धरलेला नाही. म्हणून टॉकवरनं आलेला आकडा पुस्तकातल्या ३.३७ पेक्षा जरा खालीच येतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सगळे नमुने एकाच पद्धतीनं मोजा आणि फरकाबद्दल बोला.

हे सगळं करूनही फरक उरतोय? मग फिल्ममध्ये खरंच काहीतरी झालंय.

डोपिंग काय करतं, डिफेक्ट काय करतो

ॲल्युमिनियम झिंकच्या जागी नीट बसला की एक जादा इलेक्ट्रॉन देतो. हे इलेक्ट्रॉन कंडक्शन बँडच्या तळाला जाऊन बसतात. थोडे असतात तोवर काही दिसत नाही. घन सेंटीमीटरला १० चा १९ वा घात ओलांडून २० व्या घाताकडं गेले की तळाच्या जागा भरायला लागतात, आणि मग व्हॅलन्स बँडमधनं वर उडी मारणाऱ्याला तळाला जागाच मिळत नाही, बेळगावच्या सीबीटीवर, म्हणजे मुख्य बसस्टँडवर, खच्चून भरलेल्या खानापूर गाडीत पुढनं चढलेल्याला मागं मागं सरकत जायला लागतंय तसं. जास्त वर जायचं म्हणजे जास्त ऊर्जेचा फोटॉन लागणार, म्हणून शोषणाची कड निळ्याकडं सरकते. हेच बर्स्टाइन-मॉस सरकणं, दोघांनी १९५४ मध्ये वेगवेगळं मांडलेलं, इंडियम अँटिमोनाइडबद्दल.

किती सरकणार ते इलेक्ट्रॉनच्या संख्येच्या दोन-तृतीयांश घातावर. झिंक ऑक्साइडचं रिड्यूस्ड मास (इलेक्ट्रॉन आणि होल मिळून, मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाच्या पटीत) ०.१९ धरलं आणि संख्या १० चा २० वा घात, तर कागदावर ०.४ इव्ही येतं. प्रत्यक्षात एवढं कधीच दिसत नाही, कारण एवढे इलेक्ट्रॉन एकमेकांवर आणि डोपंटच्या आयनांवर परिणाम करतात आणि खरा बँडगॅप त्याच वेळी आक्रसतो. याला रीनॉर्मलायझेशन म्हणतात. दोन्ही एकाच वेळी चालू असतंय, एक वर ढकलतंय एक खाली ओढतंय, उरतं ते तुम्हाला दिसतंय. मधल्या डोपिंगला तर आधी थोडा खाली आणि मग वर असाही वक्र मिळू शकतो. म्हणून "एक टक्क्याला कमी झाला, दोन टक्क्याला वाढला, माझा डेटा खराब आहे" असं लगेच ठरवू नका.

डिफेक्टची गोष्ट वेगळी. व्हेकन्सी (अणूची रिकामी जागा), इंटरस्टिशियल (मधेच घुसलेला अणू), ग्रेन बाउंडरीवरचा (क्रिस्टलच्या कणांमधल्या सीमेवरचा) पसारा, नीट न बसलेला ॲल्युमिनियम, हे सगळे बँडच्या कडा अस्पष्ट करतात. कडेच्या खाली गॅपमध्ये शेपटासारख्या अवस्था तयार होतात, आणि शोषण एकदम न थांबता एक्स्पोनेन्शियलनं कमी होत जातं. अर्बाखनं १९५३ मध्ये सिल्व्हर ब्रोमाइडच्या कडेवर हे लिहिलं. मोजायची सोपी युक्ती अशी, अल्फा दहापट खाली यायला किती इव्ही लागले ते बघा आणि २.३ नं भागा. ०.२ इव्ही लागले तर अर्बाख एनर्जी ८७ मिलिइव्ही. स्प्रेच्या बऱ्या फिल्मला ६० ते १०० मध्ये काहीतरी यावं. एप्रिलच्या फिल्मला ८० आणि जुलैच्या फिल्मला १६०, आणि तेही रिफ्लेक्शन वजा करून, तर आत गडबड नक्की वाढलीय.

आता तिसरा आकडा, फोर प्रोबनं (चार सुया टेकवून मोजलेला) शीट रेझिस्टन्स. हॉल (इलेक्ट्रॉनची संख्या थेट देणारं मोजमाप) मिळाला तर सोन्याहून पिवळं, पण फोर प्रोब तर बऱ्याच कॉलेजात असतोच, कपाटात धूळ खात. तिन्ही शेजारी ठेवल्यावर असं वाचा.

बँडगॅप वर, रेझिस्टन्स खाली, टेल जवळपास तेवढीच: डोपिंग लागलंय, बर्स्टाइन-मॉस लिहायला हरकत नाही. बँडगॅप खाली, रेझिस्टन्स वर, टेल वाढलेली: हे डिफेक्ट, किंवा डोपिंग जास्त झालंय. झिंक ऑक्साइड साधारण दोन-तीन टक्क्यांच्या पुढं ॲल्युमिनियम जागेवर घेत नाही, उरलेला ग्रेन बाउंडरीला ऑक्साइड होऊन बसतो, इलेक्ट्रॉन देत नाही, वर येणाऱ्या-जाणाऱ्यांना अडवतो. इथं डोपिंग आणखी वाढवणं म्हणजे आगीत तेल. बँडगॅप खाली, रेझिस्टन्स वर, पण टेल तेवढीच, आणि आकडे बिनडोप फिल्मजवळ गेलेले: इथं ॲल्युमिनियम फिल्मपर्यंत पोचलाच नाही. पावसाळ्यात सगळ्यात जास्त हेच सापडतंय, त्याच्यावर खाली बोलतो.

राहिलं बँडगॅप वर आणि रेझिस्टन्सही वर. यात पोरं फार उड्या मारतात, क्वांटम कन्फाइनमेंट (क्रिस्टल फार लहान झाला म्हणून बँडगॅप वाढणं) म्हणून. तुमच्या एक्सआरडीवरनं (एक्स-रे डिफ्रॅक्शन) शेररच्या सूत्रानं क्रिस्टलाइट २० नॅनोमीटर येतोय, झिंक ऑक्साइडच्या एक्सायटॉनची बोर त्रिज्या २ नॅनोमीटरच्या आसपास, कसलं कन्फाइनमेंट? फिल्म अर्धवट क्रिस्टलाइज झालीय का, हीटर थंड होता का, कडेत काच घुसलीय का, ते बघा.

एक्सआरडीचा विषय निघालाच आहे तर, शून्य-शून्य-दोनचं पीक ३४.४ अंशाजवळ असतं, ॲल्युमिनियमचा आयन झिंकपेक्षा लहान म्हणून ते किंचित उजवीकडं सरकायला पाहिजे. पण काच आणि फिल्म थंड होताना जो ताण येतो तोही पीक सरकवतो, त्यामुळं नुसत्या त्या सरकण्यावर डोपिंग सिद्ध झालं म्हणू नका. पीक किती रुंद झालं ते जास्त उपयोगाचं.

फुकट मिळणारा आणखी एक पुरावा म्हणजे नीअर इन्फ्रारेड. मोकळे इलेक्ट्रॉन लांब तरंगलांबीचा प्रकाश शोषतात आणि परावर्तित करतात. घन सेंटीमीटरला ५ गुणिले १० चा २० वा घात एवढे असले तर प्लाझ्मा कड (जिथनं पुढं फिल्म प्रकाश परावर्तित करायला लागते) १.५ मायक्रॉनजवळ येते, १० चा २० वा घात असले तर ती ३.४ मायक्रॉनच्या आसपास जाते. आपलं मशीन ११०० नॅनोमीटरला थांबतंय, तिथं स्प्रेच्या फिल्मचं काही कळत नाही. २५०० पर्यंत जाणारं मशीन कुठं मिळालं तर दोन नमुने घेऊन जा, एक डोप्ड एक बिनडोप. लांबच्या टोकाला डोप्ड फिल्म खाली वाकली आणि बिनडोप सपाट राहिली की वाद मिटला.

हे सगळं ॲल्युमिनियम, गॅलियम, इंडियम असल्या डोनरचं (इलेक्ट्रॉन देणाऱ्यांचं). कोबाल्ट, मँगनीज, तांबं घालणाऱ्यांनी हे जसंच्या तसं उचलू नका. कोबाल्टचे तर स्वतःचे डी-डी शोषणाचे (त्याच्याच डी पातळ्यांमधल्या उड्यांचे) खड्डे असतात, ५६५, ६१० आणि ६५५ नॅनोमीटरच्या आसपास, फिल्म हिरवट दिसते. तिथं इलेक्ट्रॉन वाढल्यामुळं नाही तर डी पातळ्या बँडमध्ये गुंतल्यामुळं कड सरकते.

बाटली

आता मुख्य चोर. ॲल्युमिनियम नायट्रेटची किंवा ॲल्युमिनियम क्लोराइडची बाटली काढा आणि तिरकी करून बघा. एप्रिलमध्ये खडे खुळखुळत होते, जुलैत ते एकमेकांना चिकटून गोळा झालाय, चमचा घातला तर ओलसर लागतंय, झाकणाच्या आतनं पाणी. ही दोन्ही मीठं हवेतलं पाणी ओढतात, आणि आपल्याकडं तरण्या पावसात हवेत पाण्याशिवाय असतंय काय. वजन काट्यावर तुम्ही तेवढंच घेताय, पण त्यात ॲल्युमिनियम कमी आणि पाणी जास्त.

हिशोब बघा. १०० मिलिलिटर ०.१ मोलर झिंक ॲसिटेट डायहायड्रेट म्हणजे २.२ ग्रॅम. त्याला दोन टक्के ॲल्युमिनियम म्हणजे नायट्रेट नोनाहायड्रेट फक्त ७५ मिलिग्रॅम. त्या ७५ मधले १५ पाणीच असले तर तुमचं दोन टक्के झालं १.६. आणि काटा जर १० मिलिग्रॅमचाच असेल तर काय बोलायचं. शिवाय क्लोराइडमध्ये वेगळाच घोळ, लेबलवर ॲनहायड्रस की हेक्साहायड्रेट न बघता मोलर मास घेतात, १३३ आणि २४१, जवळजवळ दुपटीचा फरक. खानापूरची एक पोरगी मला म्हणाली, "सर, लेबलच पुसलंय हो, लॅबमधल्या अण्णांनी नवी चिठ्ठी लावलीय त्यावर नुसतं ॲल्युमिनियम क्लोराइड आहे." अगं मग ती बाटली वापरूच नको ना.

उपाय एकदम सोपा आहे आणि एकदा केला की वर्षभर डोक्याला ताप नाही. नवी बाटली फोडली त्याच दिवशी, उन्हाळ्यात, ॲल्युमिनियम नायट्रेटचं ०.१ मोलर स्टॉक द्रावण करून ठेवा, १०० मिलिलिटरला ३.७५ ग्रॅम. झिंकचंही ०.१ मोलर. मग दोन टक्के पाहिजे तर ९८ मिलिलिटर झिंकचं आणि २ मिलिलिटर ॲल्युमिनियमचं, पिपेटनं. ७५ मिलिग्रॅम वजन करायची भानगडच संपली. स्टॉकवर शंका आली तर केमिस्ट्री डिपार्टमेंटला चहा पाजा आणि ईडीटीएचं बॅक टायट्रेशन करून घ्या, ॲल्युमिनियमला ते चालतंय. झिंक ॲसिटेटच्या द्रावणात ढगाळपणा दिसला तर ॲसेटिक ॲसिडचे चार-दोन थेंब, नाहीतर हायड्रॉक्साइड खाली बसतंय आणि नोझल तुंबतंय.

कंप्रेसर आणि हीटर

बाटली बरोबर निघाली, तर हवेची लाइन. कंप्रेसरच्या टाकीखालचा नळ शेवटचा कधी सोडलाय? पावसाळ्यात सकाळी सोडा, लालसर पाणी भांडंभर निघेल. तेच पाणी हवेबरोबर नोझलला जातंय आणि मघाशी सांगितलेले गोल डाग पाडतंय. लाइनमध्ये वॉटर ट्रॅप आणि त्याच्यापुढं सिलिका जेलचा कॉलम लावा. निळं जेल गुलाबी झालं की ते काही कामाचं नाही, १२० अंशाला ओव्हनमध्ये निळं होईपर्यंत ठेवा. पुष्कळ लॅबमध्ये कॉलम आहे पण जेल कधीचं गुलाबीच आहे, आणि रोज बघून बघून ते कुणाच्या डोळ्याला खुपेनासं झालंय.

जास्त पाणी गेलं की काच थंडही होते. हीटरच्या डिस्प्लेवर ४५० असतंय, पण थर्मोकपल प्लेटच्या पोटात, काचेच्या वरच्या बाजूला ४०० सुद्धा नसतील, आणि स्प्रे चालू असताना त्याहून खाली. ३५० च्या खाली गेलं की ॲसिटेट पूर्ण जळत नाही, कार्बनची पिवळट-तपकिरी छटा राहते, हायड्रॉक्साइडही राहतंय, अर्बाख टेल वाढते. त्यात मधेच लाईट गेली तर फिल्मचा खालचा अर्धा एका तापमानाचा आणि वरचा दुसऱ्याच. लाईट गेलेला नमुना मोजू नका, बाजूला ठेवा. प्लेटचं म्हणाल तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुठल्याही मशीनशॉपला सांगून जाड पितळी किंवा स्टीलची प्लेट करून घ्या, वरच्या पृष्ठभागाच्या अगदी खाली थर्मोकपलचं भोक मारायला सांगा. जाड प्लेट उष्णता धरून ठेवते, स्प्रेनं एकदम पडत नाही. आणि सलग न मारता थोडं मारा, थांबा, तापमान परत चढू दे, परत मारा.

५०० च्या वर जाऊन सगळं ठीक करायचा मोह होतो, पण सोडा लाइम काच तिथं मऊ पडायच्या बेताला येते आणि तिच्यातला सोडियम फिल्ममध्ये घुसतो. सोडियम इलेक्ट्रॉन खातो, म्हणजे तुम्ही घातलेल्या ॲल्युमिनियमच्या उलट काम.

एक सवय मात्र लावाच. ज्या दिवशी डोप्ड फिल्म करताय त्याच दिवशी, त्याच हवेवर, त्याच प्लेटवर एक बिनडोप फिल्म करा. जुलैच्या डोप्डची तुलना एप्रिलच्या बिनडोपशी करून काही हाती लागत नाही. दोन्ही एकाच दिशेनं हललेल्या असल्या तर दोष हवेचा-तापमानाचा. फक्त डोप्डच हलली, बिनडोप जागच्या जागी, तर बाटलीकडं जा.

ऑक्सिजन व्हेकन्सी, सगळ्यांची लाडकी

फोटोल्युमिनेसन्समध्ये (प्रकाश पाडल्यावर फिल्मनं सोडलेला उजेड) ५००-५५० नॅनोमीटरला हिरवा कुबड दिसला की ऑक्सिजन व्हेकन्सी, एक्सपीएसमध्ये (एक्स-रेनं पृष्ठभागावरचे अणू ओळखायची पद्धत) ५३१.५ इव्हीला खांदा दिसला की ऑक्सिजन व्हेकन्सी, रेझिस्टन्स कमी झाला की ऑक्सिजन व्हेकन्सी. अहो, हिरव्या उजेडाबद्दल अजून वाद आहे, झिंक व्हेकन्सी पण त्यात येते, तांब्याचा अंश पण येतो. ५३१ ते ५३२ मधला खांदा पृष्ठभागावरच्या ओएचचा (हायड्रॉक्सिलचा) पण असतो, आणि पावसाळ्यात केलेली, उघडी ठेवलेली, बसनं पिशवीतनं कोल्हापूरपर्यंत गेलेली फिल्म ओएच घेऊनच पोचणार. आणि रेझिस्टन्सचं म्हणाल तर हिशोब सांगतात की ऑक्सिजन व्हेकन्सी खोल डोनर आहे, खोलीच्या तापमानाला ती सहज इलेक्ट्रॉन सोडत नाही. व्हॅन डी वॉलनं २००० मध्ये दाखवलं की हायड्रोजन मात्र झिंक ऑक्साइडमध्ये उथळ डोनर होऊ शकतो. पाण्यातनं, अल्कोहोलातनं स्प्रे करणाऱ्यांकडं हायड्रोजनची काय कमी?

तपासायचं असेल तर फिल्मचे दोन तुकडे करा, एक ४०० अंशाला हवेत तासभर ॲनील, दुसरा तसाच. हवेत भाजल्यावर रेझिस्टन्स वर गेला आणि बँडगॅप थोडा खाली आला, टेल मात्र कमी झाली, तर जादा इलेक्ट्रॉन डिफेक्टमधनं किंवा हायड्रोजनमधनं येत होते. रेझिस्टन्स फार हलला नाही तर ते ॲल्युमिनियमचे, ॲल्युमिनियम भाजून उडून जात नाही. अर्थात हवेतला ऑक्सिजन ग्रेन बाउंडरीला चिकटून थोडा रेझिस्टन्स वाढवतोच, म्हणून बिनडोपचा तुकडाही त्याच भट्टीत शेजारी ठेवायचा.

फोर प्रोबबद्दल शेवटचं एवढंच. झिंक ऑक्साइडचा रेझिस्टन्स उजेडावर आणि ओलाव्यावर हलतो, यूव्ही-व्हिजमधनं काढून लगेच प्रोब लावला तर कमी दाखवणार, कारण यूव्हीनं पृष्ठभागावरचा ऑक्सिजन सुटतो आणि परत बसायला वेळ लागतो. त्यामुळं आधी रेझिस्टन्स, मग ऑप्टिकल. नमुने डेसिकेटरमध्ये काळ्या कागदात गुंडाळून रात्रभर ठेवा, सकाळी खिडकीचा पडदा ओढून मोजा, आणि वहीत आकड्याशेजारी त्या दिवशीची लॅबमधली आर्द्रता लिहा. हायग्रोमीटर नसला तर सिलिका जेल निळं होतं की गुलाबी एवढं तरी.